जास्वंदीवर पांढरं दिसलं की आधी मुंग्या बघा

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी बागेची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली, ती वार्षिक सभेला वीस मिनिटं उशिरा पोचल्यामुळे. मी आत शिरले तेव्हा ठराव मंजूर झालेला होता. बाग म्हणजे फार काही नाही. कंपाउंडच्या भिंतीला लागून जास्वंदीची रांग, गेटजवळ तगर आणि गुलाबी कण्हेर, मधल्या गोलात एक्झोरा, दोन सायकस आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या मोगऱ्याच्या कुंड्या. पहिल्याच ऑक्टोबरात जास्वंदीच्या शेंड्यांना कापूस चिकटल्यासारखं दिसायला लागलं आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी जे जे केलं, ते जवळजवळ सगळं चुकलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. बाल्कनीत चार कुंड्या असोत नाहीतर शंभर फुटांचं कुंपण, कामाचा क्रम हाच ठेवा.

जवळ काय हवं

- १० पट मोठं दाखवणारं भिंग. मोबाइलचा कॅमेरा चालतो, पण भिंगाची सर नाही.
- एक पांढरा कागद आणि एक टॉर्च
- छाटणीची कात्री, जुना टूथब्रश, रबरी हातमोजे, मास्क
- एक-दोन लिटरचा हातपंप. नोझल वर वळणारं बघून घ्या, कारण फवारा पानाच्या खालून मारायचा असतो.
- औषध मोजायला सुई नसलेली १० मिलीची सिरिंज. "एक झाकण" हे माप नव्हे, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं.
- कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायचा साधा पातळ साबण
- एक वही. हसू नका, पुढे कळेल.

१. पंप हातात घेण्याआधी दहा मिनिटं झाडापाशी उभे राहा

सकाळी सात-साडेसातला जा. पान वरून बघून काही कळत नाही, ते उलटून बघा. मग कोवळा शेंडा, कळीचं देठ, फांद्यांचे बेचके आणि शेवटी जमिनीलगतचं खोड. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालायला लागले तर ते फुलकिडे किंवा कोळी आहेत.

पानं कुरतडलेली आहेत, पण दिवसा कोणी सापडत नाही, असं असेल तर रात्री दहानंतर टॉर्च घेऊन उतरा. पावसाळ्यात आमच्याकडे निम्म्या वेळा चोर निघते ती आफ्रिकन गोगलगाय. ती कीटकही नाही, कीटकनाशकाला दाद देत नाही. हातमोजे घालून गोळा करायची आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची. हातमोज्यांशिवाय तिला हात लावू नका, तिच्यामार्फत माणसाला आजार होऊ शकतो.

२. कोण आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. किडीचे ढोबळ प्रकार दोन, रस शोषणाऱ्या आणि खाणाऱ्या. पान चिकट लागतंय, त्यावर काजळी धरली आहे, शेंडा मुरडला आहे, तर कोणीतरी रस शोषतंय. पानाला भोकं आहेत किंवा कडा कुरतडल्या आहेत, तर कोणीतरी खातंय. काजळी हा झाडाचा वेगळा रोग समजून लोक बुरशीनाशक आणतात. ती बुरशीच असते, पण किडीने टाकलेल्या गोड चिकट्यावर वाढलेली. कीड गेली की तीही हळूहळू सुटते.

*पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग.* जास्वंदीचा पहिल्या नंबरचा शत्रू. पांढऱ्या पिठात लोळवल्यासारखे, चार-पाच मिलिमीटरचे लंबगोल किडे शेंड्यावर आणि बेचक्यात दाटीने बसतात. जास्वंद, भेंडी आणि कापूस एकाच कुळातले, त्यामुळे कपाशीच्या शेतातले बरेच पाहुणे जास्वंदीकडे येतात: मिलीबग, मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि घोळक्याने हिंडणारे लाल ढेकूण. आमच्या रांगेत कीड हटत नव्हती, कारण बाजूलाच एकांनी हौसेने लावलेल्या भेंडीच्या चार कुंड्या होत्या. त्या गच्चीवर गेल्या आणि निम्मं काम झालं. (त्या गृहस्थांनी अजून माझ्याशी बोलणं धरलेलं नाही.)

आता माझी मोठी चूक. त्या ऑक्टोबरात टूथब्रश घेऊन मी रोज मिलीबग चिरडत होते. त्यांच्यात काही जरा मोठे, जास्त झिपरे होते. लांब पांढऱ्या झालरी, एखाद्या पोमेरेनियनसारख्या. हे म्हातारे मिलीबग असणार म्हणून मी ते आधी मारले, वेचून वेचून. पंधरा दिवसांनी कीड दुप्पट. मग बागकाम जाणणाऱ्या एका मैत्रिणीला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "अगं बाई, तू पोलीस मारलेस!"

ते झिपरे जीव म्हणजे क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबगच्या जातीतल्या किड्याची) अळी. ती मिलीबग खाऊन जगते आणि त्यांच्यात मिसळून जाईल असंच तिचं रूप असतं. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला गेला आणि पुढे मिलीबगवर कामाला आला. ओळखायची खूण सोपी आहे, काडीने टोचून बघा. मिलीबग ढिम्म बसतो नाहीतर कसाबसा सरकतो. ढालकिड्याची अळी लगबगीने चालायला लागते, पूर्ण वाढलेली सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्तच लांब असते आणि दाटीत न बसता एकटी फिरते. मोठा किडा काळपट तपकिरी, डोक्याकडे आणि मागच्या टोकाला नारिंगी. हे दिसले तर फवारणी थांबवा, त्यांना दोन-तीन आठवडे द्या.

मित्रकीटकांवर भरवसा किती ठेवायचा, असं विचाराल तर एक उदाहरण देते. पपईचा मिलीबग २००८मध्ये कोइम्बतूरला पहिल्यांदा सापडला आणि पपई, तुती, जास्वंद असं दिसेल त्यावर पसरला. औषधांनी तो हटेना. २०१०मध्ये पोर्तो रिकोहून एक इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली आणि तिने त्याला आवरलं.

*मावा.* कण्हेरीच्या शेंड्यावर पिवळ्याधमक मोहरीच्या दाण्यांचा थर दिसला तर तो हाच. जास्वंदीच्या कळ्यांवर हिरवट असतो. त्यात काही दाणे फुगलेले, खाकी, कागदासारखे कोरडे दिसले तर आनंद माना. परोपजीवी माशीने त्यांच्या पोटात अंडी घातली आहेत, तो मावा मेलेला आहे.

*पांढरी माशी.* झाड हलवलं की पांढरी धूळ उडाल्यासारखं होतं. पानाखाली मेणाची पांढरी वर्तुळं, रांगोळीत गिरवल्यासारखी, दिसली तर ती चक्राकार माशी. शोभेचे पाम, केळ, पेरू, चाफा अशा कितीतरी झाडांवर येते.

*खवले कीड.* एक्झोरावर आणि सायकसवर हमखास. किडा वाटतच नाही, खोडावरच्या खपल्या वाटतात. नखाने खरवडा. खपली सुटली आणि खाली ओलसर लागलं तर ती कीडच.

*लाल कोळी.* आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच. मार्च ते मेच्या तापात गुलाबावर आणि जास्वंदीवर पानं फिकट, सुई टोचल्यासारखी ठिपकेदार होतात, खाली बारीक जाळं दिसतं. धूळ साचलेल्या झाडावर तो जास्त माजतो. शेजारी बांधकाम सुरू असेल, आणि नवी मुंबईत ते कुठे नसतं, तर आठवड्यातून दोनदा पानं खालून-वरून धुणं हाच अर्धा उपाय. साधी कीटकनाशकं याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मरतात आणि तो वाढतो.

*अळ्या.* तगर आणि कण्हेर रातोरात बोडकी झाली, खाली मिऱ्याएवढ्या लेंड्या पडल्या आहेत, तर वर बघा. बोटाएवढी जाड हिरवी अळी, मानेजवळ दोन निळे "डोळे", शेपटाला शिंग. भीतीदायक दिसते, पण डंख करत नाही. पाचपन्नास नसतात, दोन-चारच असतात. मोठं झाड पुन्हा फुटतं, म्हणून मी त्या सोडून देते, आणि माळीकाकांना ते पटत नाही. मोगऱ्याची कळी मात्र सोडू नका. कळ्या रेशमाने एकमेकींना बांधलेल्या, बारीक भोक पडलेल्या, न उमलता वाळलेल्या असतील तर आत कळी खाणारी अळी आहे. अशा कळ्या रोज खुडा. काकूंचा मोगरा एवढ्यावर सुधारला.

सायकसची नवी पानं उलगडायच्या आत वाळली तर ते छोट्या निळ्या फुलपाखराच्या अळ्यांचं काम. नवा तुरा निघताना रोज सकाळी त्यावर पाण्याचा जोरदार झोत मारला की पुरतं. पानं एकदा कडक झाली की अळ्यांना ती खाता येत नाहीत.

आणि गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे गेले असतील तर काहीही करू नका. पानं कापणारी मधमाशी घरट्यासाठी तुकडे नेते, खात नाही. कढीपत्त्यावरच्या अळ्यांनाही माफ करा, त्यांची फुलपाखरं होतात. घोडबंदर रोडला ओवळ्याचं फुलपाखरू उद्यान पाहून आलात तर अळीकडे बघायची नजरच बदलते.

३. पाणी, कात्री, हात

सुरुवात नळाच्या पाइपाने करा. टोकावर अंगठा दाबून पानाखालून जोराचा झोत, तीन दिवस सलग. मावा याने बहुतेक संपतो, खाली पडला की परत वर चढणं त्याला जमत नाही. मिलीबगचं मेण धुवून निघतं आणि मग पुढचं औषध अंगाला लागतं.

गच्च भरलेले शेंडे चार-सहा इंच खाली कापा. कापलेलं ताबडतोब पिशवीत घालून तोंड बांधा. आम्ही पहिल्यांदा तो पाला सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात टाकला, मिलीबग तिथून निवांत चालत एक्झोराकडे गेले. कण्हेर कापताना हातमोजे हवेतच. तिचा चीक विषारी असतो, फांद्या जाळायच्याही नाहीत, धूर बाधतो.

कुंडीतल्या एखाद्या झाडासाठी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिलीबगवर टेकवा. कुंपणासाठी हा उद्योग करत बसू नका, जन्म जाईल.

४. मुंग्यांची वाट तोडा

मला सांगायचं मुख्य हेच आहे, आणि फवारणीच्या घाईत हेच राहून जातं. मिलीबग, मावा, खवले कीड गोड चिकटा टाकतात. मुंग्यांना तो हवा असतो. त्याच्या बदल्यात त्या ढालकिड्यांना आणि परोपजीवी माश्यांना हुसकावून लावतात. आपण गाई राखाव्यात तशा त्या किडी राखतात. वर कितीही फवारा, खाली राखणदार आहेत तोवर मित्रकीटक टिकत नाहीत आणि कीड परत येते.

तेव्हा मुंग्यांची रांग खालून वर शोधत जा, ती थेट किडीपाशी नेऊन सोडते. मग खोडाला चार बोटं रुंद कागदी टेप घट्ट गुंडाळा आणि त्यावर ग्रीसचा जाड थर द्या. ग्रीस सालीवर थेट लावू नका, साल खराब होते. दर दहा दिवसांनी बघा, धूळ बसली की मुंग्यांना पूल मिळतो. पूल म्हटलं तर भिंतीला टेकलेल्या फांद्या, केबलच्या वायरी, दिवाळीत अडकवलेल्या आणि काढायच्या राहिलेल्या माळा, हे सगळे पूलच. आमच्या रांगेला सोळा खोडांवर पट्टे बांधले तरी दोन झाडांवर मुंग्या जातच होत्या. त्या इंटरकॉमच्या वायरीवरून येत होत्या.

पट्टा बांधून महिना झाल्यावर जास्वंदीवर झिपऱ्या अळ्या परत दिसल्या. मी त्या मारलेल्या असूनही.

५. कडुनिंबाचं तेल: माप, वेळ, पाळी

एक लिटर कोमट पाण्याला ५ मिली तेल आणि १ ते २ मिली पातळ साबण. आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, मग थोडं थोडं पाणी घाला. उलट केलंत तर तेल वर तरंगतं, नोझलमधून आधी नुसतं पाणी जातं आणि शेवटी निव्वळ तेल. बनवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. कपड्यांची पावडर वापरू नका, पानं भाजतात. बाजारात ॲझाडिरॅक्टिनची, म्हणजे कडुनिंबातल्या कीड रोखणाऱ्या द्रव्याची, तयार औषधं मिळतात, ती पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग, त्या) आकड्यानुसार कमी-जास्त तीव्र असतात, म्हणून त्यांचं माप लेबलवर बघूनच घ्या, हे ५ मिली तिथे लावू नका.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारा, पानाखालून. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. सात दिवसांच्या अंतराने तीन पाळ्या करा, एका पाळीत अंडी मरत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधू नका. कडुनिंब बहुतेक किडींना लगेच मारत नाही, त्यांचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं.

मला हे माहीत नव्हतं. दोन दिवसांत फरक दिसेना म्हणून मी माप दुप्पट केलं आणि तेही सकाळी अकराला फवारलं. एक्झोराच्या कोवळ्या पानांना तपकिरी चट्टे पडले, त्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या आधी पोचले.

कच्चं तेल वास मारतं. बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे आत घ्यायची सूचना आदल्या दिवशी द्या.

६. पावसाळ्यात काय करायचं, काय नाही

जून ते सप्टेंबर तेलाची फवारणी म्हणजे पैसे गटारात. मावा आणि कोळी पावसाने आपोआप कमी होतात. या काळात गोगलगायी, अळ्या वेचणं आणि दाटी झालेल्या फांद्या विरळ करणं एवढंच. उघडीप मिळाली तर लेकॅनिसिलियम नावाची मित्रबुरशी लिटरला ५ ग्रॅम या मापाने संध्याकाळी फवारता येते. तिला दमट हवा लागते आणि आपल्याकडे त्याची ददात नाही. मात्र तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारू नका, ते तिलाच मारेल.

खरी परीक्षा ऑक्टोबरात. पाऊस थांबतो, ऊन तापतं, झाडांना भराभर कोवळी फूट येते आणि मिलीबग वर येतात. दसऱ्याच्या सुमारास पट्टे बदला आणि तेलाची पहिली पाळी उरका. नेमक्या याच वेळी कुंपणाला युरिया घालायची माळीकाकांची सवय होती. नत्राने फूट लुसलुशीत होते आणि मावा पंगतीला बसतो. आता शेणखत देतो, तेही बेताने.

७. रासायनिक औषध घ्यायचंच असेल तर

तीन पाळ्या, पट्टे, छाटणी, सगळं करून झाड जातंय असं वाटलं तरच. डब्यावरच्या तिरक्या चौकोनातला खालचा रंगीत त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. लाल आणि पिवळा सोसायटीच्या आवारात आणूच नका. कोणी बिनलेबलच्या बाटलीत "जालीम औषध" आणून देत असेल तर घेऊ नका. आमच्याकडे तसं आलं होतं, आणि वासावरून माळीकाका म्हणाले ते डायक्लोरव्हॉस असावं. त्यावर ३१ डिसेंबर २०२०पासून देशात बंदी आहे.

दुकानदार बहुधा इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक पुढे करतो. ते झाडात भिनतं, फुलातल्या मधापर्यंत पोचतं. जास्वंदीवर शिंजीर येतात, तगरीवर रात्री पतंग, तेव्हा फुलावरच्या झाडाला ते मी वापरत नाही. शिवाय त्यानंतर लाल कोळी उसळल्याचा अनुभव बऱ्याच जणांना येतो.

आणि फुलं खुडणारे. आपल्याकडे जास्वंद शोभेची नाही, गणपतीची आहे. पहाटे साडेपाचला फिरायला निघालेली मंडळी पिशवी घेऊनच येतात. फुलं तबकातून घरात जातात, लहान मुलं हाताळतात. गणेशोत्सवाच्या आधीच्या महिन्यात आमच्याकडे रासायनिक फवारणी पूर्ण बंद असते. इतर वेळी फवारलंच तर नोटीस बोर्डावर, गेटवर आणि प्रत्यक्ष झाडाला पाटी लावतो: "औषध मारले आहे. अमुक तारखेपर्यंत फुले तोडू नयेत." फक्त बोर्डावरची सूचना पहाटे कोणी वाचत नाही.

८. नवं रोप आलं की पंधरा दिवस वेगळं

नर्सरीतून आणलेलं रोप थेट रांगेत लावू नका. आमच्याकडे पंपरूमच्या मागे एक कोपरा आहे, नवी रोपं तिथे पंधरा दिवस राहतात. पानाखाली, बेचक्यात आणि कुंडी तिरकी करून भोकाशी मुळांवर पांढरं काही आहे का ते बघायचं. वाढदिवसाला भेट आलेली रोपंही याला अपवाद नाहीत.

आता ती वही. तारीख, झाड, काय दिसलं, काय केलं, एवढ्या चार रकान्यांत लिहीत जा. ओळखता न आलेली कीड झिपच्या पिशवीत फांदीसकट घालून कृषी सेवा केंद्रात दाखवताना ही पानं सोबत न्या, म्हणजे समोरचा माणूस अंदाजाने बाटली काढून देत नाही. माझ्या वहीत गेल्या ऑक्टोबरची नोंद आहे: "१४ तारीख, जास्वंद क्र. ७, शेंड्याला मिलीबग पंधरा-वीस, झिपऱ्या अळ्या तीन. मुंग्या नाहीत. काही केलं नाही." खाली २ नोव्हेंबरची: "क्र. ७, मिलीबग दोन."

आणि अकरा कळ्या. त्या सकाळी सहाच्या आत कोणीतरी नेल्या, तेही लिहून ठेवलंय.